वाचक विचारतात : कोकणातल्या एलजीबीटीक्यू मुलांच्या पाठीशी कसे उभे राहावे?

मागील अंकात या सदरात समलिंगी तरुणांच्या मानसिक ताणाविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर दिले होते. त्यानंतर रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. मुंबई-पुण्यात एलजीबीटीक्यू, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्स (जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा स्वतःची लिंगओळख वेगळी असणाऱ्या) अशा व्यक्तींसाठी संस्था आहेत, गट आहेत, मोर्चे निघतात. पण संध्याकाळची शेवटची एस.टी. चुकली की घर गाठणे कठीण होते अशा गावांतल्या मुलांनी कोणाकडे पाहावे, असा त्यांतील बहुतेकांचा रोख आहे. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि काही ठिकाणी तालुकाही गाळला आहे, कारण कोकणात आडनाव आणि वाडी सांगितली की माणूस सापडायला वेळ लागत नाही.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आहे. गेल्या वर्षी एका हुशार विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षाला अचानक कॉलेज सोडले. वर्गातली मुले त्याला ‘बायल्या’ म्हणून सतत छळत होती, हे नंतर समजले. असे पुन्हा घडू नये म्हणून समलिंगी आणि ट्रान्स विद्यार्थ्यांसाठी आधारगट सुरू करण्याचा प्रस्ताव मी मांडला, तर ‘आपल्याकडे अशी मुले नाहीत, नसते उद्योग कशाला?’ असे उत्तर मिळाले. नियमांत बसेल आणि टिकेल असा उपक्रम कसा सुरू करावा?

उत्तर : सर, प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. तो विद्यार्थी समलिंगी होता की नव्हता हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. बोलण्याचालण्याची ढब जरा वेगळी दिसली, एवढ्यावर छळ सुरू होतो. तो थांबवण्यासाठी आधी कोणाला स्वतःची ओळख सिद्ध करावी लागत नाही. त्यामुळे ‘अशी मुले आहेत की नाहीत’ या वादात आपण पडूच नये. छळ झाला आणि एक विद्यार्थी गेला, एवढे कारण पुरेसे आहे.

नियमांचा आधार तर भक्कम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियमांत २०१६ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार जात, धर्म, रंग, भाषा, आर्थिक स्थिती यांच्याबरोबरच लिंगभाव, लैंगिक कल (म्हणजे कोणाविषयी आकर्षण वाटते) आणि दिसणे यांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ हेदेखील रॅगिंगच आहे. टोमणे मारणे आणि वाळीत टाकणेही त्यात येते. लैंगिक छळासंबंधी आयोगाचे २०१५ चे विनियम मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाचे बळी ठरू शकतात हे मान्य करतात. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१९ चा कायदा शिक्षणसंस्थांना भेदभाव करण्यास मनाई करतो. शिवाय ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना वगळले, तेव्हा न्या. रोहिंटन नरिमन यांनी आपल्या निकालपत्रात या निर्णयाला व्यापक प्रसिद्धी द्यावी आणि सरकारी अधिकाऱ्यांना, विशेषतः पोलिसांना, प्रशिक्षण द्यावे असेही सांगितले होते. रॅगिंगविरोधी समिती प्रत्येक महाविद्यालयात कागदावर तरी असतेच. आपला उपक्रम तिच्या कामाचा भाग म्हणून मांडला, तर ‘नसते उद्योग’ हा आक्षेप उरत नाही, कारण ते काम संस्थेने करायचेच आहे.

आता आधारगटाविषयी. विद्यार्थ्यांचा असा गट जाहीरपणे सुरू करू नका, निदान पहिल्या वर्षी तरी नको, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईच्या आयआयटीत ‘साथी’ हा विद्यार्थ्यांचा गट २०११ पासून आहे आणि त्याचे काम मोलाचे आहे. पण तिथे हजारो मुले वसतिगृहात, घरापासून दूर राहतात. आपल्याकडे विद्यार्थी आसपासच्या गावांतून एस.टी.ने येतात, बाकावर शेजारी बसणारा त्याच वाडीतला असतो, कार्यालयातला शिपाई चुलत्याच्या ओळखीचा असतो. फलकावर ‘समलिंगी विद्यार्थ्यांसाठी बैठक, खोली क्रमांक ७, दुपारी ३’ अशी सूचना लागली, तर ज्याला गरज आहे तो त्या मजल्यावरही फिरकणार नाही. कोण कोण जाते ते पाहायला मात्र मुले जिन्यावर जमतील.

म्हणून सुरुवात मोठ्यांपासून करावी. प्राध्यापक, ग्रंथपाल, कार्यालयीन कर्मचारी, वसतिगृहाचे रेक्टर आणि शिपाई या सर्वांसाठी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण ठेवा. त्यात व्याख्यांचा भडिमार नको. एखाद्या मुलाने विश्वासाने काही सांगितले तर काय बोलावे आणि काय करू नये, हे प्रत्यक्ष संवादाच्या सरावातून शिकवले जावे. ‘तू मला सांगितलेस हे बरे केलेस, तुझ्या परवानगीशिवाय हे कोणालाही कळणार नाही, आत्ता तुला कशाची काळजी वाटते?’ एवढी तीन वाक्ये सर्वांच्या तोंडी बसली तरी अर्धे काम झाले. करू नये अशी मुख्य गोष्ट म्हणजे घरी फोन. चांगल्या हेतूने केलेल्या एका फोनमुळे मुलाचे शिक्षण बंद होऊ शकते, त्याला रातोरात मुंबईच्या नातेवाइकाकडे धाडले जाऊ शकते किंवा मुलीचे लग्न ठरवले जाऊ शकते. कनिष्ठ महाविद्यालयातील मुले अठराच्या आतील असतात; त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पण ‘मला मुलगे आवडतात’ असे एखाद्या मुलाने सांगणे हा कोणताही गुन्हा नाही आणि त्याची वर्दी कोणालाही द्यायची नसते. हा फरक शिक्षकांना नीट समजावून द्या, नाहीतर घाबरून कोणीतरी नको तिथे तोंड उघडेल.

मग समुपदेशन कक्षाकडे वळा. बहुतेक ठिकाणी तो प्राचार्यांच्या दालनाला लागून असतो, बाहेर बाकावर थांबावे लागते आणि दाराशी एक रजिस्टर असते, ज्यात नाव, वर्ग, येण्याचे कारण आणि सही असे रकाने असतात. ‘कारण’ या रकान्यात त्या मुलाने काय लिहावे? वर त्याच पानावर आधीच्या सगळ्यांची कारणे वाचता येतात. हे रजिस्टर आधी बंद करा. ज्या तासाला शिष्यवृत्तीचे अर्ज, बस पास, परीक्षेचे प्रश्न अशा दहा कारणांनी मुले येतात, त्याच तासाला आणि त्याच खोलीत समुपदेशक बसले, तर आत जाणाऱ्यावर कोणाचे लक्ष जात नाही.

प्रश्नपेटीची कल्पना बऱ्याच जणांना सुचते, पण छोट्या महाविद्यालयात अक्षर ओळखता येते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात मानसिक आरोग्यावर सत्र ठेवा, सर्वांना सारख्या चिठ्ठ्या द्या, अक्षर मुद्दाम बदलून लिहायला सांगा आणि चिठ्ठी कोरी असली तरी प्रत्येकाने पेटीत टाकायची असा नियम करा. सत्रात लैंगिक कलाचा उल्लेख लपवून करू नका. जातीवरून, रूपावरून, गरिबीवरून होणाऱ्या छळाच्या ओळीतच तो उघडपणे यावा, म्हणजे ऐकणाऱ्या मुलाला आपला उल्लेख झाल्याचे समजते आणि त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

वक्ता मराठीत बोलणारा हवा. मुंबईतील ‘हमसफर ट्रस्ट’ ही संस्था १९९४ पासून काम करते. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला आणि या विषयावर मराठीत सातत्याने लिहिले. अशा संस्थांशी आधी पत्रव्यवहार करा. इंग्रजी शब्दांनी भरलेल्या स्लाइडांचा कार्यक्रम झाला, तर ‘हे बाहेरून आले’ हीच समजूत पक्की होईल. मराठीतली पुस्तके ग्रंथालयात घ्या, मात्र ती वाचनकक्षातल्या खुल्या मांडणीत ठेवा, म्हणजे ती वाचायला कार्डावर नोंद करावी लागणार नाही.

एक सावधगिरी. २०२१ मध्ये एनसीईआरटीने ट्रान्स मुलांच्या शालेय समावेशनाविषयी शिक्षकांसाठी प्रशिक्षण साहित्य तयार केले आणि आक्षेप येताच ते संकेतस्थळावरून काढून टाकले गेले. राष्ट्रीय पातळीवरच्या संस्थेची ही गत, तर आपल्या संस्थाचालकांवर दबाव येणारच असे गृहीत धरा. व्यवस्थापन समितीतील किमान दोघांना आणि पालक-शिक्षक संघातील एखाद्या वजनदार व्यक्तीला आधीच विश्वासात घ्या आणि प्रत्येक गोष्ट लेखी मंजुरीने करा.

आपण आणि आपले सहकारी मानसोपचारतज्ज्ञ नाही, हेही लक्षात असू द्या. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी तज्ज्ञांपर्यंत पोहोचवावे. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण त्याच्या नावाचीच आपल्याकडे एवढी धास्ती की नुसता उल्लेख केला तरी मूल मागे फिरते. त्यामुळे पहिला टप्पा म्हणून १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा सांगावी. तिचा क्रमांक १४४१६ आहे, ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. ज्यांच्या वाडीत रेंज फक्त वर सड्यावर किंवा देवळाच्या पायऱ्यांवर मिळते, त्यांना घरून असा फोन करता येत नाही. अशा विद्यार्थ्यासाठी महाविद्यालयातली एखादी बंद दाराची खोली अर्धा तास उपलब्ध करून देणे हे मोठ्या कार्यक्रमापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

ट्रान्स विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक छोटी गोष्ट आपल्या हातात आजही आहे. हजेरी घेताना नावाऐवजी क्रमांक पुकारा. कागदपत्रांतला नावबदल व्हायला वेळ लागतो. रोज भर वर्गात नको असलेल्या नावाने ‘हजर’ म्हणण्यातून त्या विद्यार्थ्याची लगेच सुटका होते.

प्रश्न : आमच्या सतरा वर्षांच्या मुलाने गणपतीत मला सांगितले की त्याला मुलगेच आवडतात. मी ते यांना सांगितले आणि तेव्हापासून हे त्याच्याशी बोलत नाहीत. थोरल्या दिरांनी मुंबईहून निरोप दिला की तिथे एक डॉक्टर गोळ्या आणि समुपदेशन देऊन सहा महिन्यांत ‘बरे’ करतात. सासूबाई म्हणतात, देवाला कौल लावा. मुलगा बारावीला आहे, जेवतही नाही नीट. मी कोणाचे ऐकू? (एक आई, गुहागर तालुका)

उत्तर : ताई, प्रथम मुलाचे ऐका. सतराव्या वर्षी, घरात पाहुण्यांची वर्दळ असताना, त्याने आपल्याला निवडून ही गोष्ट सांगितली. घरातले एक माणूस तरी आपले आहे, असे त्याला वाटले म्हणूनच त्याने ते धाडस केले.

हा आजार नाही, त्यामुळे ‘बरे’ होण्याचा प्रश्न येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले. भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा मानसिक विकार नसल्याचे जाहीर केले. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये असा कल ‘बदलण्याच्या’ उपचारांवर बंदी घालण्याचे निर्देश दिले आणि त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. म्हणजे सहा महिन्यांची हमी देणारा तो डॉक्टर नियमभंग करतो आहे, आणि त्याच्याविरुद्ध महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. दिरांना हे सौम्य शब्दांत, पण ठामपणे सांगा. अशा उपचारांनी मुलाचा कल बदलत नाही. त्याला स्वतःची घृणा वाटू लागते आणि पुढच्या वेळी तो आपल्यालाही काही सांगत नाही.

कौलाबाबत सासूबाईंच्या श्रद्धेचा मान ठेवूनच बोलावे. परंतु कौल लावायचा म्हणजे देवळात गुरवासमोर प्रश्न उच्चारावा लागतो, तिथे चार मानकरी असतात आणि प्रश्न कशाबद्दल होता हे दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर माहीत झालेले असते. ‘आई, देवाला सगळे ठाऊक आहे, गावाला कळायला नको,’ एवढे म्हटलेत तर त्यांनाही पटेल. कोणी भगताकडे नेण्याचा आग्रह धरला, तर मात्र तिथे अजिबात मऊपणा नको. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण किंवा छळ करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

कॅलिफोर्नियातील संशोधक केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की ज्या समलिंगी तरुणांना किशोरवयात घरातून तीव्र नकार मिळाला होता, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण, घरच्यांनी फारसे न नाकारलेल्या तरुणांच्या तुलनेत, ८.४ पट होते. तो अभ्यास अमेरिकेतला आहे आणि आपली घरे वेगळी आहेत, हे मान्य. तरीही जेवण टाकलेल्या बारावीच्या मुलाची आई म्हणून या आकड्याकडे दुर्लक्ष करू नका. त्याच्या बोलण्यात जिवाचे बरेवाईट करण्याचा सूर दिसला, तर वर दिलेल्या १४४१६ या क्रमांकावर आपण स्वतः बोला आणि त्यालाही बोलू द्या.

आता आपल्या यजमानांविषयी. त्यांनी मारहाण केली नाही, घराबाहेर काढले नाही, ते गप्प आहेत. ही गप्पगिरी मुलाला तिरस्कारासारखी वाटते, पण पुष्कळदा तिच्यामागे भीती असते : लोक काय म्हणतील, याचे पुढे कसे होईल, आपले काही चुकले का. त्यांना समलैंगिकतेवर भाषण देऊ नका. मुलगा आणि वडील यांनी मिळून करायची रोजची कामे, म्हणजे बागेला पाणी लावणे असो की बाजाराला जाणे असो, पुन्हा सुरू होतील एवढे पाहा. ‘तू आमचाच आहेस, बाकीचे सावकाश बोलू,’ एवढे जरी ते म्हणाले तरी आत्ता पुरे आहे.

त्यांच्याशी बोलायला अशाच मुलाचा बाप लागेल. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली काही पालकांनी एकत्र येऊन अशा मुलांच्या आईवडिलांचा पहिला गट सुरू केला, तोच पुढे ‘पीफ्लॅग’ नावाने वाढला. आपल्याकडे मुंबईत २०१७ पासून ‘स्वीकार’ हा पालकांचा गट आहे. त्यातील पालक या सगळ्यातून गेलेले आहेत, त्यामुळे एका वडिलांनी दुसऱ्या वडिलांशी फोनवर बोलणे शक्य होते. आपल्यालाही त्याची गरज आहे, ताई. पत्रभर आपण सर्वांविषयी लिहिले आहे, स्वतःविषयी एक ओळही नाही.

आणखी एक. दिरांना आणि सासूबाईंना हे कळले, ते मुलाला विचारून सांगितलेले दिसत नाही. झाले ते झाले; पण यापुढे कोणाला सांगायचे, कधी सांगायचे हे तो ठरवील, असा शब्द त्याला द्या आणि पाळा.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे. घर देवगड तालुक्यात, शिक्षणासाठी डोंबिवलीला आत्याकडे राहते. मला मुली आवडतात. हे फक्त दोन मैत्रिणींना माहीत आहे. त्या मुंबईच्या प्राइड मोर्चाला जाणार आहेत. माझा फोटो कुठे दिसला तर गावच्या सगळ्या ग्रुपवर फिरेल, घरचे शिक्षण बंद करतील. पण नाही गेले तर मी फक्त दुसऱ्यांच्या लढ्यावर जगते असे वाटते. मी भित्री आहे का?

उत्तर : भित्री नाहीस. तुझी फी आणि राहण्याची जागा दोन्ही घरच्यांच्या हातात आहेत, हे ओळखून तू विचार करते आहेस आणि तो योग्य आहे. कोलकात्यात २ जुलै १९९९ रोजी भारतातला पहिला प्राइड मोर्चा, म्हणजे एलजीबीटीक्यू व्यक्तींचा उघड मोर्चा, निघाला, तेव्हा त्यात जेमतेम पंधरा माणसे होती. दिल्लीत २००८ मध्ये पहिल्यांदा मोर्चा निघाला तेव्हा ओळख लपवू इच्छिणाऱ्यांसाठी मुखवटे वाटले गेले होते. तोंड झाकून चाललेल्यांना त्या वेळी कोणी कमी लेखले नाही. तुला जायचेच असेल, तर गर्दीत कोणाचेही कॅमेरे असतात हे धरून चाल आणि मैत्रिणींना फोटो न टाकण्याबद्दल आधीच बजावून ठेव. पण माझे मत विचारशील तर शिक्षण पूर्ण होऊन पगार हाती येईपर्यंत थांब. मोर्चा पुढेही निघणारच आहे. मुंबईत तो २००८ पासून निघतो आहे.

चळवळ म्हणजे केवळ रस्त्यावर उतरणे, असेही नाही. २०१८ मध्ये आयआयटीच्या वीस आजी-माजी विद्यार्थ्यांनी कलम ३७७ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यांनी कागद आणि स्वतःचे अनुभव वापरले. मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ या नावाने सुरू झालेला आणि नंतर ‘लाबिया’ झालेला गट असो किंवा हमसफर ट्रस्टचा ‘उमंग’ हा गट असो, त्यांतल्या भेटी बंद खोलीत होतात आणि तिथे तुझ्या वयाच्या मुली येतात. तिथून सुरुवात कर. पुढे तुला करता येईल असे एक काम मला दिसते, ते म्हणजे भाषेचे. या विषयावरची बरीच माहिती इंग्रजीत आहे, आणि जी मराठीत आहे ती पुष्कळदा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखी वाटते. देवगडातल्या एखाद्या मुलीला किंवा तिच्या आईला समजेल अशा साध्या भाषेत, हवे तर मालवणीत, चार पाने लिहायला तुझे नावही लागत नाही.

घरी कळलेच आणि लग्नाची जबरदस्ती झाली, तर तू सज्ञान आहेस हे विसरू नकोस. आधार कार्ड, गुणपत्रिका आणि बँकेचे पासबुक मूळ स्वरूपात स्वतःजवळ ठेव. गावी ठेवले असेल तर पुढच्या वेळी काहीही न बोलता घेऊन ये. धोका वाटल्यास महिला हेल्पलाइन १८१ किंवा ११२ ला फोन करता येतो. केरळ उच्च न्यायालयाने ३१ मे २०२२ रोजी आदिला नसरीन आणि फातिमा नूरा या दोघींना, घरच्यांनी एकीला जबरदस्तीने नेलेले असतानाही, एकत्र राहू दिले. समलिंगी विवाहाला मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मान्यता दिलेली नाही, हे माहीत असू दे.

प्रश्न : हे सगळे शहरातले आणि मोबाइलमधले फॅड आहे. आमच्या दशावतारात पिढ्यान्‌पिढ्या पुरुष स्त्रीपार्ट करतात, त्याला कोणी हसले नाही. मग आता वेगळे कार्यक्रम आणि चळवळी कशाला? (एक ज्येष्ठ वाचक, मालवण)

उत्तर : काका, दशावतारातला स्त्रीपार्ट ही कला आहे. रात्रभर राणी होऊन उभा राहणारा नट पहाटे रंग पुसून आपल्या बायकामुलांत जातो. त्याच्या भूमिकेवरून तो कोण आहे हे ठरत नाही आणि कोणी ठरवूही नये. त्यामुळे हे उदाहरण आपल्या म्हणण्याच्या बाजूनेही फार उपयोगी पडत नाही आणि विरुद्ध बाजूनेही नाही. मात्र त्या नटाला टाळ्या देणाऱ्याच गावात, नाजूक चालीच्या एखाद्या मुलाला शाळेच्या वाटेवर रोज काय ऐकावे लागते, ते आपण जवळून ऐकावे. फॅडविषयी म्हणाल, तर ज्यांच्या हाती मोबाइल कधीच नव्हता अशी, आपल्या पिढीतली ‘लग्न न केलेली’ किंवा मुंबईला जाऊन पुन्हा गावी न फिरकलेली माणसे आपल्याही आठवणीत असतील. ती सगळी याच कारणाने गेली असे मी म्हणणार नाही. पण गावात कोणापाशी बोलता आले असते, तर त्यांतली काही राहिली असती.

प्रश्न : एका ॲपवर ओळख झालेल्या माणसाने माझे खासगी फोटो ठेवले आहेत. पैसे दिले नाहीत तर चिपळूणमधल्या ओळखीच्यांना आणि घरी पाठवीन अशी धमकी देतो. दोन वेळा पैसे दिले. पोलिसांत गेलो तर मलाच पकडतील का? वय २२.

उत्तर : नाही. सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध २०१८ पासून गुन्हा नाहीत. गुन्हा त्याने केला आहे : भीती घालून पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ नुसार खंडणीचा गुन्हा आहे, आणि खासगी छायाचित्रे परवानगीशिवाय पाठवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली येते. यापुढे एक रुपयाही देऊ नका. दोनदा मिळाले म्हणूनच तो तिसऱ्यांदा मागतो आहे. संभाषण पुसू नका, त्याला लगेच ब्लॉकही करू नका. आधी त्याचे प्रोफाइल, क्रमांक, धमकीचे संदेश आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी यांचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवा, मग ब्लॉक करा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने कळवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. स्थानिक ठाण्यात ओळखीचे कोणी भेटेल ही धास्ती रास्त आहे, तेव्हा थेट रत्नागिरीच्या जिल्हा सायबर पोलीस ठाण्यात जा आणि शक्य असल्यास वकील किंवा विश्वासातला एक माणूस बरोबर घ्या. तक्रारीत आपला लैंगिक कल लिहिण्याची आवश्यकता नाही. ‘ओळख झालेल्या व्यक्तीने खासगी छायाचित्रांच्या आधारे खंडणी मागितली’ एवढे पुरते. हेच अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत घडले असेल, तर पॉक्सो कायदाही लागू होतो आणि त्या मुलाने १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन करावा.